होडीचा तळ उथळ घ्यावा की खोल? ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. इंजिनाच्या होड्या वर ओढलेल्या असतात, एरवी पाण्याखाली असलेले तळ उघडे पडतात, आणि नवी होडी घ्यायचा विषय घरोघरी निघतो. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, ऐरोलीचा दिवा कोळीवाडा, ठाण्याची चेंदणी, सगळीकडून हाच प्रश्न येतो. आमच्या घरात तीन पिढ्या होडी आहे. खाडीतही जाळी टाकली, घारापुरीच्या पुढेही गेलो. त्या अनुभवावरून ही उत्तरं लिहिली आहेत.

उथळ तळ आणि खोल तळ म्हणजे नेमकं काय?

या एका बोलण्यात दोन गोष्टी मिसळतात, त्या आधी वेगळ्या करू. एक म्हणजे तळाचा आकार. होडी मधोमध आडवी कापली तर खालची बाजू ताटासारखी सपाट दिसते, परातीसारखी गोल दिसते, की दोन तळवे जोडल्यासारखी टोकदार दिसते? दुसरी म्हणजे होडीचा किती भाग पाण्याखाली जातो. सपाट तळाची होडी वजन पसरून घेते, म्हणून कमी बुडते. टोकदार तळाची तेवढंच वजन घेऊन जास्त खाली जाते.

खोली मोजताना तळाच्या फळीपाशी थांबू नका. इंजिनाचा पंखा, सुकाणू, कणा (तळाच्या मधोमध लांबीने गेलेली उभी पट्टी) यांपैकी जे सगळ्यात खाली असेल तिथपर्यंत मोजा. चोवीस-पंचवीस फुटी सपाट फायबर होडी रिकामी असताना जेमतेम वीतभर पाण्यात तरंगते, पण इंजिन खाली सोडलं की तिला दोन फुटांच्या वर पाणी लागतं. विकणारा वीतभर सांगतो, आणि ते खोटंही नसतं. पण मासे वल्ह्यावर आणायचे नसतील तर दुसरा आकडाच कामाचा.

मी खाडीतही मारतो आणि कधीतरी बाहेरही जातो. मग ठरवायचं कशावरून?

होडी रात्री कुठे उभी राहणार, यावरून.

बहुतेक जण मासा कुठे आहे ते बघून होडी ठरवतात. मी उलटं सांगतो. मासा आज इथे, उद्या तिथे. बंदर बदलत नाही. आपल्याकडची बरीच बंदरं खाडीच्या काठच्या गाळात, तिवरांमधून येणाऱ्या अरुंद चराच्या टोकाला आहेत. सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, तिथे पाणी नसतंच, नुसता चिखल असतो. म्हणून पहिला हिशोब बंदराचा, आणि तो आकड्यांतच करायला हवा.

मुंबई बंदराच्या तक्त्यात उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची) सरासरी भरती साधारण ४.४ मीटर आणि ओहोटी ०.८ मीटर असते. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, भरती ३.३ आणि ओहोटी १.९. समजा तुमच्या चराचा तळ त्याच मोजपट्टीवर २ मीटरवर आहे, म्हणजे पाणी २ मीटरच्या खाली गेलं की चर कोरडा. आता दोन होड्या घ्या. एकीला इंजिनासकट ०.६ मीटर पाणी लागतं, दुसरीला १.२ मीटर. पहिली निघण्यासाठी पाणी २.६ पर्यंत चढायला हवं, दुसरीसाठी ३.२ पर्यंत.

उधाणाला पहिल्या होडीला एका भरतीत सहा तासांची वाट मिळते, दुसरीला पावणेपाच तासांच्या आसपास. इथपर्यंत फरक सोसण्यासारखा आहे. भांगाला मात्र पहिलीला तेच सहा तास मिळतात आणि दुसरीला फक्त दोन. महिन्यातून दोनदा भांग येतो आणि दर वेळी काही दिवस राहतो. त्या दिवसांत खोल होडीवाल्याने दोन तासांत निघायचं आणि परतायचं ते पुढच्या भरतीच्या दोन तासांतच. एका पूर्ण भरतीपासून दुसरीपर्यंत बारा तासांहून जास्त अंतर. तोवर मासे बर्फात, खलाशी उन्हात आणि लिलाव आटोपलेला.

हे आकडे माझ्या उदाहरणाचे आहेत, तुमच्या चराचे वेगळे निघतील. ते काढणं कठीण नाही. बांबूला वीत-वीत अंतरावर खुणा करा, चराच्या सगळ्यात उथळ जागी रोवा आणि एक उधाण, एक भांग असं दर तासाला पाणी लिहून ठेवा. पंधरवड्याचं काम आहे. होडीला लाखो रुपये घालायच्या आधी हा पंधरवडा द्याच.

भरतीचा तक्ता हाताशी नसेल तर?

जुना हिशोब आजही चालतो. तिथीला पाऊणाने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारापर्यंत जातं. त्यात सहा तास मिळवले की सुकती. अपोलो बंदरापेक्षा आत वाशीला, त्याहून आत ऐरोली-चेंदणीला पाणी उशिरा पोचतं, ते मनात धरा. हा हिशोब अंदाजाचा आहे. चरात जेमतेम पुरेल इतकंच पाणी असेल तर छापील तक्ताच बघा.

सपाट तळाची होडी बाहेर नेली तर उलटते का?

शांत पाण्यात सपाट होडी खोल होडीपेक्षा जास्त स्थिर वाटते. एका कडेला दोघं उभे राहून जाळं ओढा, ती फारशी कलत नाही. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायला, चिंबोरीच्या फगी (खेकड्याचे सापळे) उचलायला, बोक्षीचं जाळं काढायला अशीच होडी लागते. टोकदार तळाची होडी सुरुवातीला चटकन कलते, नवख्याला भीती वाटते. पण कलता कलता ती जोर धरते. सपाट होडी एका मर्यादेपर्यंत हलत नाही आणि ती मर्यादा ओलांडली की फारसा इशारा न देता जाते. कड पाण्याखाली गेली तर सावरायला वेळ मिळत नाही.

लाटेचंही तसंच. सपाट होडी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते, पाणी तिरपं झालं की तीही तिरपी होते. समोरून लाट आली तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उचलते आणि तळ धाडकन आपटतो. तासभर असं आपटत गेलं की माणसाचं कंबरडं आणि फायबरचे सांधे दोन्ही ढिले होतात.

आपल्या खाडीत लाट कधी उठते ते लक्षात ठेवा. वारा आणि पाणी समोरासमोर आले की उठते. खाडीत भरती दक्षिणेकडून वर चढते. हिवाळ्यात उत्तरेचा वारा जोरात असेल आणि भरती चढत असेल तर आखूड, उभ्या लाटा होतात. मे महिन्याच्या शेवटी नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की तेच सुकतीला होतं. सकाळी मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यावर निघालेली सपाट होडी दुपारचा खारा (समुद्राकडून येणारा) वारा धरायच्या आत परत आली तर वर्षानुवर्षं काही होत नाही. अपघात बहुतेक वेळा दुपारी उशीर झाल्यावर, माल जास्त असताना आणि घाईत होतात.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला सांगतो. तळात साचलेलं पाणी उपसत राहा. सपाट तळात चार बोटं पाणी असलं तरी होडी कलली की ते सगळं एका बाजूला धावतं आणि कलायला मदत करतं. टोकदार तळात ते मधल्या खोलगट भागात राहतं, म्हणून तितकं धोक्याचं नसतं.

मग रुंदी वाढवली तर सपाट होडी सुरक्षित होईल?

बऱ्यापैकी होईल. रुंदीचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. होडीचा न कलण्याचा जोर रुंदीच्या घनावर वाढतो. रुंदी दहा टक्के वाढवली की तो जोर साधारण एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून पाच फुटी रुंद होडीच्या जागी साडेपाच फुटी घेणं हा स्वस्तातला विमा आहे. पण फार रुंद केली तर चरातून वळत नाही, वल्ह्याला जड जाते आणि लाटेवर झटके देत हलते. कडेची उंचीही सोबत वाढवायला हवी.

खोल तळ कोणाला लागतोच?

ज्यांचं काम बाहेर आहे त्यांना. उत्तनकडे डोलीच्या (समुद्रात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या) जाळ्यांवर जाणाऱ्या मोठ्या बोटी बघा. त्यांना खुल्या समुद्रात रात्र काढायची असते, दोन-तीन टन बर्फ आणि मासा तळाशी भरायचा असतो. वजन खाली गेलं की बोट जास्त सावरते. खोल कणा पाण्याला धरून ठेवतो, त्यामुळे वाऱ्याने बाजूला वाहत जाणं कमी होतं, जाळं सोडताना रेषा सरळ राहते. मोठा पंखा खोल पाण्यात बसवता येतो, तो हवा खात नाही. बोंबील, पापलेट, घोळ हे तुमचं रोजचं पोट असेल आणि बोट धक्क्याच्या खोल बाजूला किंवा नांगरावर उभी राहणार असेल, तर उथळ होडीचा विचारही करू नका.

सुकतीला होडी चिखलात बसली तर काय होतं?

आमच्या नात्यातल्या एकाने काही वर्षांपूर्वी रायगडकडून जुनी, टोकदार तळाची लाकडी होडी आणली. लाकूड उत्तम, इंजिन उत्तम, किंमत परवडणारी. पहिल्याच भांगाला ती चरात अडकली आणि सुकती झाल्यावर एका कुशीवर आडवी झाली. होडी आडवी होणं वाईटच. पण खरं संकट पाणी परत चढायला लागल्यावर आलं. खालची कड चिखलात रुतलेली होती. होडी उठण्याआधी पाणी कडेवरून आत यायला लागलं. रात्री दोन वाजता आठ माणसं कमरेएवढ्या चिखलात उभी राहून दोरखंडाने ती सरळ करत होती. होडी वाचली, इंजिनात खारं पाणी गेलं. त्या मोसमात त्याला परत उभं राहता आलं नाही. होडी वाईट नव्हती, आमच्या बंदराची नव्हती.

सपाट तळाची होडी चिखलात सरळ बसते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. तिचीही एक खोड आहे. मऊ गाळ सपाट तळाला धरून ठेवतो आणि भरतीचं पाणी अर्धं चढलं तरी ती सुटत नाही. इंजिनाचा जोर लावू नका. दोन माणसांनी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जात ती डोलवावी, तळाखाली पाणी शिरलं की आपोआप सुटते. तळाला लांबीच्या दिशेने दोन-तीन पट्ट्या मारून घेतल्या की गाळ कमी धरतो, आणि कालवांच्या धारेपासून फायबरही वाचतं.

टोकदार होडी चिखलाच्या बंदरात ठेवायचीच असेल तर दोन्ही बाजूंना टेकू देणारे छोटे कणे लावून घ्या.

दोन्हीचा फायदा देणारा मधला तळ नाही का?

आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेकांनी तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. नाळेकडे टोकदार, मागे जाताजाता पसरत जवळजवळ सपाट झालेला तळ. नाळ लाट कापते, मागचा सपाट भाग वजन उचलतो आणि चिखलात टेकतो. कारागिराशी बोलताना मागच्या टोकाला तळाचा उतार किती अंश आहे ते विचारा. वीस अंशांच्या वर असेल तर ती खोल तळाची वेगवान बोट, आपल्या कामाची नाही. आठ ते बारा अंश चांगले. सोबत मागच्या अर्ध्या भागात चार-पाच इंच उंचीचा लांब कणा घ्या. त्याने वाऱ्यावर वाहणं कमी होतं.

मधला तळ दोन्ही टोकांइतका चांगला नसतो, हेही सांगायला हवं. अगदी आतल्या फाट्यांमध्ये निवटी, बोय, कोळंबी यांच्यावर जगणाऱ्याने निव्वळ सपाट होडीच घ्यावी. तिला इंजिन नसलं तरी चालतं.

किती माल भरता येईल ते कसं कळणार?

पंचवीस-सव्वीस फूट लांब आणि सहा फूट रुंद सपाट होडीचा पाण्यावर टेकलेला भाग साधारण अकरा चौरस मीटर भरतो. अशी होडी एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ११० किलो लागतात. तीनशे किलो मासा आणि तितकाच बर्फ, आपल्या उन्हात बर्फ माशाइतकाच लागतो, म्हणजे सहाशे किलो. होडी साडेपाच सेंटिमीटर खाली जाईल. अरुंद, टोकदार होडी त्याच मालाला याहून जास्त खाली जाते. जाताना सहज निघालेली होडी येताना चराच्या तोंडाशी का घासते, त्याचं कारण हेच. वाटेचा हिशोब नेहमी भरलेल्या होडीचा करा.

पावसाळ्यानंतर खाडीत गोडं पाणी उतरलेलं असतं. ते खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून होडी किंचित जास्त बुडते. फरक अडीच टक्क्यांपर्यंतचाच आहे.

इंजिन कोणतं?

उथळ होडीला मागे टांगायचं, वर उचलता येणारं इंजिन. त्याच्या दांड्याची लांबी होडीच्या मागच्या फळीशी जुळायला हवी. आखूड दांडा १५ इंचांच्या फळीला, लांब दांडा २० इंचांच्या फळीला. आखूड फळीवर लांब दांडा लावला की पंखा पाच इंच उगाच खाली जातो आणि उथळ तळ घेतल्याचा फायदा तिथेच संपतो. ही चूक मी फार वेळा पाहिली आहे.

आतल्या डिझेल इंजिनाला खोल तळ सोयीचा. पंख्याचा दांडा कमी तिरपा बसतो, वजन मधोमध राहतं.

वेगाबद्दल एक गैरसमज आहे. पाणी कापत जाणाऱ्या खोल होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यालगत पंचवीस फूट लांब होडीला पावणेसात नॉटच्या पुढे ढकलायला गेलं की तेल दुप्पट जळतं आणि वेग वाढत नाही. तिला मोठं इंजिन लावणं म्हणजे पैसे पाण्यात. सपाट आणि मधल्या तळाची हलकी होडी पाण्यावर उचलली जाते, तिला हे बंधन नाही. मात्र माल भरल्यावर ती उचलली जात नाही.

आपल्या खाडीत प्लास्टिक आणि गाळ दोन्ही आहेत. उथळ पाण्यात इंजिन थंड करणारं पाणी गाळासकट आत खेचलं जातं, आतला रबरी पंखा झिजतो. मागून पाण्याची धार पडते आहे का, ते दर थोड्या वेळाने बघायची सवय लावा. एक जोड रबरी पंखा होडीवर ठेवा.

लाकूड की फायबर?

उथळ होडी फायबरची. हलकी पडते आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्याची काळजी नाही. मोठी, खोल बोट सागवानी असेल आणि दरवर्षी निगा राखणारं कोणी घरात असेल तर आजही लाकडाला नाव ठेवता येत नाही. फायबर दुरुस्तीला सोपं आहे, पण आतून कुजलेलं दिसत नाही, हा त्याचा दोष.

चराचा गाळ काढणार म्हणतात. मग खोल होडी घेऊन ठेवू का?

नाही. गाळ काढला तरी तो परत येतो. खाडीचं पाणी दर भरतीला गाढूळ वर चढतं आणि तिवरांपाशी संथ झालं की गाळ खाली सोडतं. पूल आले, भराव आले, तसं पाण्याचं वळण बदलत गेलं. काही बंदरं आमच्या डोळ्यांदेखत उथळ झाली. गाळ निघाला तर आनंदच आहे आणि तो नियमित निघावा यासाठी मच्छीमार सोसायट्यांनी आग्रह धरलाच पाहिजे. पण होडी पंधरा-वीस वर्षांसाठी घ्यायची असते, ती आजच्या पाण्यावर घ्या. तिवरं तोडून वाट रुंद करण्याचा विचार कोणी सुचवला तर त्याच्या नादी लागू नका. कायद्याने बंदी आहे, शिवाय कोळंबीची आणि चिंबोरीची पिल्लं तिथेच वाढतात. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, इथे प्रत्येक बदलावर लक्ष असतं.

नोंदणी आणि अनुदानाचं काय?

होडीची नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे, रिअलक्राफ्ट पोर्टलवरून. नंतर लांबी, इंजिन किंवा तळात बदल केला तर तोही कळवावा लागतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मदतीचं प्रमाण सर्वसाधारण गटाला ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के असं ठेवलं होतं. तुमच्या मापाची होडी कोणत्या घटकात बसते आणि अर्ज सुरू आहेत का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. अनुदान मिळतंय म्हणून मोठी, खोल बोट घेणं आणि मग ती ठेवायला जागा नसणं, असं होऊ देऊ नका.

जुनी होडी घेताना तळ कसा बघायचा?

सुकतीला बघा, पाण्यात कधीच नाही. ती ज्या बंदरात उभी आहे त्या बंदराला जा आणि चिखलात कशी बसते ते स्वतः पाहा. तळावर पाण्याची जुनी रेघ दिसते, तिथून सगळ्यात खालच्या टोकापर्यंत टेप लावा आणि तो आकडा तुमच्या बांबूवरच्या आकड्यांशी ताडा.

फायबर असेल तर नाण्याने टकटक करत सगळा तळ फिरा. ठणठणीत आवाज येता येता कुठे बद्द वाजलं तर तिथले थर सुटलेत. मागच्या फळीवर इंजिन असताना ते हाताने वर-खाली हलवा, फळी लवली तर आत लाकूड कुजलं आहे. लाकडी असेल तर कण्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या पाण्याची रेघ संपते तिथपर्यंत टोच्याने टोचून बघा. कण्याखाली वाकून पाहायला चिखलात उतरावं लागतं, उतरा. मग पूर्ण भरतीला चार माणसं आणि दोन पिंपं पाणी घेऊन ती बाहेर काढायला सांगा. सगळ्यांना एका कडेला उभं करा आणि कड पाण्यापासून किती वर राहते ते वितीने मोजा. विकणारा यातल्या कशाला नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच सोडून घरी या.